वंशद्वेष नव्हता, हे ठरवलं कोणी?

22 फेब्रुवारी 2017 रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ओलेथा या गावी श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय इंजिनिअरचा गोळ्या घालून खून झाला. कामावरून सुटून तो मित्राबरोबर एका बारमध्ये बसला होता. मारणाऱ्याने ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडून बंदूक चालवली. त्याला पाच आठवडे होतात न होतात तोच, 27 मार्चला, आपल्याकडे ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना एका मॉलमध्ये गाठून खुर्च्यांनी आणि कचऱ्याच्या डब्यांनी बडवलं. त्याआधी त्या भागातला एक शाळकरी मुलगा दगावला होता. शेजारच्या नायजेरियन मुलांनी त्याला अमली पदार्थ दिले इथपासून त्यांनी माणूस खाल्ला इथपर्यंत अफवा पसरल्या होत्या.

पहिल्या घटनेला काय म्हणायचं, याबद्दल आपल्यापैकी कुणालाच शंका नव्हती. आरोपीचं मन उकलून बघायची वाट कुणी पाहिली नाही. एफबीआयनेही द्वेषमूलक गुन्हा म्हणूनच तपास हाती घेतला. पुढे आरोपीने संघराज्याच्या कोर्टात तशी कबुली दिली आणि त्याला जन्मठेप झाली. दुसऱ्या घटनेनंतर दिल्लीतल्या आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्र निवेदन काढलं. हे हल्ले वंशद्वेषी आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेमार्फत स्वतंत्र चौकशी व्हावी, असं त्यांनी म्हटलं. सरकार दुखावलं. तपास पूर्ण होण्याआधी याला वंशद्वेषी म्हणू नका, असं परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितलं.

ऐकायला हे रास्त वाटतं. तपासाआधी निष्कर्ष काढू नये, हे कुणीही मान्य करील. पण तपास करायला निघालेला पोलिस ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत असतो, तेवढंच त्याला सापडतं. कॅन्ससमध्ये ‘द्वेष होता का?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच तपासाच्या कागदावर आला होता. नोएडात तो प्रश्न तपास संपेपर्यंत काढायचाच नाही असं ठरलं. जे शोधायचंच नाही ते शेवटी हाती कसं लागणार? मग तपास संपतो आणि वंशद्वेषाचा पुरावा आढळला नाही असं सांगितलं जातं. तो आढळावा यासाठी कुणी काही केलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

एखाद्या देशात वंशभेद आहे की नाही, हे शोधायचं कसं, हाच माझ्या मते आजचा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याची चर्चा लगेच मनांकडे वळते. भारतीय माणूस मनाने वंशद्वेष्टा आहे का? आपण तर अतिथी देवो भव म्हणणारे! मन कुणाला दिसत नाही, त्यामुळे ही चर्चा कुठेच पोचत नाही. दिसते ती व्यवस्था: कुणाची तक्रार लिहून घेतली, कोणते शब्द लिहिले, कोणते गाळले, कोणतं कलम लावलं. तपास तिथून सुरू व्हायला हवा.

29 जानेवारी 2014 रोजी दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशचा निदो तानिया हा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानाशी थांबला. त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून दुकानातल्यांनी टिंगल केली. त्याने चिडून काच फोडली. मग मारहाण झाली, पोलिस आले, ठाण्यात समझोता झाला, फुटलेल्या काचेची भरपाई निदोने दिली. दुसऱ्या दिवशी तो झोपेतच गेला. त्याचे वडील अरुणाचलचे आमदार होते, म्हणून देशभर गाजावाजा तरी झाला. पण ठाण्यातला तो समझोता बघा. पोलिसांच्या लेखी प्रकरण काय होतं? एका मुलाने दुकानाची काच फोडली, त्यावरून भांडण झालं, भरपाई मिळाली, मिटलं. काचेची किंमत ठरवता आली. टिंगलीची नोंद करायचं कुणाच्या मनातही आलं नसावं.

अशा प्रत्येक प्रकरणात काच असते. कुठे पार्किंग असतं, कुठे मोठ्याने लावलेलं गाणं, कुठे थकलेलं भाडं, कुठे ड्रग्जचा संशय. वर्तमानपत्रात ‘किरकोळ कारणावरून मारहाण’ असा मथळा येतो, आणि कारण एकदा सापडलं की वंशद्वेष गैरहजर ठरतो. मला यातलं तर्कशास्त्रच चुकीचं वाटतं. तात्कालिक कारण आणि द्वेष या दोन पर्यायांतून एक निवडायचा नसतो. भांडण कशावरून सुरू झालं हे कारणाने ठरतं. ते कुठवर जाईल, किती जण त्यात हात धुवून घेतील, बघे मध्ये पडतील की मोबाइल काढतील, पोलिस आल्यावर आधी कुणाची कॉलर धरतील, हे समोरचा माणूस ‘आपला’ की ‘परका’ यावर ठरतं. लाजपतनगरात काच एखाद्या पंजाबी पोराने फोडली असती तरी भांडण झालंच असतं. ते त्याच्या मरणापर्यंत गेलं असतं का, हा तपासाचा विषय आहे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावाने संपवलं. 2008 मध्ये खालच्या कोर्टाने सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं म्हटलं. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा 25 वर्षांच्या कैदेवर आणली आणि अ‍ॅट्रॉसिटी न लावण्याचा निर्णय कायम ठेवला. कारण काय, तर खून सूडातून झाला होता. आधीच्या एका मारहाणीत त्या घरातल्या बायकांनी साक्ष दिली होती. दलित बाईने साक्ष दिली याचा सूड असा घेता येतो, आणि अख्ख्या गावाला तो घेता येतो, हे जातीशिवाय घडू शकतं का? जात आणि वंश एक नव्हेत. हिंदुस्थानातल्या जाती वंशावर उभ्या नाहीत हे खुद्द बाबासाहेबांनी जोरकसपणे मांडलं आहे, आणि मला ते मान्य आहे. पण द्वेषाच्या गुन्ह्याचा तपास कुठे अडतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे. तो हेतूपाशी अडतो.

हे कळायला मला एका संध्याकाळी पोलिस चौकीत बसावं लागलं. पुण्यातली गोष्ट. ओळखीतला एक नागालँडचा मुलगा, हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. आदल्या रात्री ड्यूटी संपवून येताना सोसायटीच्या गेटपाशी तिघांनी त्याला अडवलं, ‘ए चिंकी’, ‘ए मोमो’ करत टपल्या मारल्या. त्याने एकाचा हात झटकला, तर ओठ फुटेपर्यंत मारलं. मी त्याच्याबरोबर फिर्याद द्यायला गेले. ठाणे अंमलदार चांगले गृहस्थ होते. त्यांनी त्याला पाणी दिलं, चहा मागवला, आरडाओरडा केला नाही. आधी आधार कार्ड मागितलं आणि ‘इंडियनच ना?’ असं मला विचारलं, त्याला नाही. मग लिहून घेतलं: गाडी बाजूला घेण्याच्या कारणावरून शाब्दिक वाद होऊन अनोळखी तीन इसमांनी फिर्यादी यांस शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली. गेटपाशी एक मोटारसायकल आडवी लावलेली होती, एवढाच गाडीचा संबंध. ते तिघं काय म्हणाले ते लिहा की, असं मी म्हटलं. ते म्हणाले, ‘मॅडम, शिवीगाळ केली असं लिहिलंय ना, त्यात सगळं आलं.’ आणि एनसी करून दिली.

एनसी, म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना त्यात तपासच करता येत नाही. त्या कागदावरून उद्या कुणी पुण्यातल्या वंशद्वेषी हल्ल्यांचा आकडा काढायला बसलं, तर त्याच्या हाती गाडी बाजूला घेण्याच्या वादाचं एक प्रकरण लागेल. अंमलदारांच्या मनात त्या मुलाबद्दल आकस होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. नव्हताच, असंच वाटतं. पण त्यांच्या हातून नेमकी तीच गोष्ट पुसली गेली जिच्यासाठी आम्ही तिथे गेलो होतो. ही पुसापुशी कुणाच्या मनातून येत नाही. ती नमुन्यांतून, सवयीतून, ‘त्यात सगळं आलं’ या समजुतीतून येते. एफआयआरच्या नमुन्यात तारीख, वेळ, दिशा, ठाण्यापासूनचं अंतर, मालमत्तेचा तपशील या सगळ्यांना रकाने आहेत. गुन्ह्यामागे वंश, वर्ण, दिसणं यांचा संबंध असल्याचं फिर्यादीचं म्हणणं आहे का, याला नाही.

या गोष्टीला ब्रिटनमध्ये एका चौकशीने नाव दिलं, आणि ती कशी घडली हे आपण नीट वाचायला हवं. 22 एप्रिल 1993 च्या रात्री लंडनच्या एल्थम भागात, वेल हॉल रोडवर बससाठी थांबलेल्या 18 वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने वंशवाचक शिवी देत भोसकलं. त्याच रस्त्यावर आदल्याच वर्षी रोहित दुग्गल हा भारतीय वंशाचा कोवळ्या वयाचा मुलगा भोसकला गेला होता, म्हणजे धोक्याची घंटा आधीच वाजली होती. पोलिस आले. रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या मुलाला त्यांच्यापैकी कुणी धड प्रथमोपचारही दिले नाहीत. सोबतचा मित्र ड्वेन ब्रुक्स जीव वाचवून पळाला होता. त्याच्याकडे साक्षीदार म्हणून पाहण्याऐवजी संशयाने पाहिलं गेलं. संशयितांची नावं एका दिवसाच्या आत कळली होती. टेलिफोन बूथमध्ये कुणीतरी चिठ्ठीच ठेवली होती. पहिली अटक व्हायला दोन आठवडे लागले. तोवर पुराव्याचं जे व्हायचं ते झालं.

डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स हे आईबाप मात्र मागे हटले नाहीत. त्यांनी खाजगी खटला भरला, तो कोसळला. 1997 साली सरकार बदललं आणि गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी निवृत्त न्यायमूर्ती सर विल्यम मॅकफर्सन यांची चौकशी नेमली. त्या चौकशीसमोर काही तपास अधिकाऱ्यांनी हा खून वंशद्वेषातून झाला हे मानायला तेव्हाही का-कू केली. ही पोरं गुंडच आहेत, कुणालाही मारतील, असा त्यांचा सूर होता. म्हणजे पुन्हा तेच: गुंडगिरी असेल तर वंशद्वेष कशाला हवा?

24 फेब्रुवारी 1999 ला अहवाल आला. मॅकफर्सन यांनी अमुक अधिकारी वंशद्वेष्टा आहे का, या प्रश्नात स्वतःला अडकवून घेतलं नाही. रंग, संस्कृती किंवा वंश यांमुळे लोकांना योग्य ती सेवा देण्यात एखादी संस्था सामूहिकपणे कमी पडत असेल, आणि हे नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहांतून, अज्ञानातून, बेफिकिरीतून होत असेल, तर तो संस्थात्मक वंशवाद, असं त्यांनी मांडलं. लंडनचे पोलिस त्यात दोषी ठरले. चौकशी नुसती एका खुनापुरती थांबली नाही. तिच्या दुसऱ्या टप्प्यात मॅकफर्सन आणि त्यांचे सहकारी लंडनबाहेर बर्मिंगहॅम, मँचेस्टर, ब्रॅडफर्ड अशा शहरांत जाऊन लोकांचं ऐकत हिंडले. 70 शिफारशी आल्या. मला त्यातली सगळ्यांत मोलाची वाटते ती 12 वी: बळी पडलेल्याला किंवा दुसऱ्या कुणालाही जी घटना वंशद्वेषी वाटली, ती वंशद्वेषी घटना म्हणून नोंदवायची.

या शिफारशीवर तिथे गहजब झाला, आपल्याकडे तर रान उठेल. उद्या कुणीही उठून काहीही म्हणेल, मग काय ते खरं मानायचं? इथे नोंद आणि निकाल यांची गल्लत होते. चोरी झाली असं म्हणत कुणी ठाण्यात आला, तर चोरीची नोंद होते आणि मग चोरी झाली की नाही याचा तपास होतो. फिर्याद लिहून घेतानाच ‘तू वस्तू हरवली असशील’ असं अंमलदाराने ठरवायचं नसतं. शिक्षा द्यायला पुरावा लागतोच, तो लागलाच पाहिजे. नोंदीला फिर्यादीचा शब्द पुरेसा आहे. ती नोंद झाली की तपास करणाऱ्यावर त्या दिशेने पाहण्याचं बंधन येतं: शिवी काय दिली, आरोपींच्या मोबाइलमध्ये काय आहे, याआधी त्यांनी कुणाला मारलं. या शिफारशीनंतर इंग्लंड-वेल्समध्ये नोंदल्या गेलेल्या वंशद्वेषी घटना एका वर्षात जवळपास दुप्पट झाल्या. ब्रिटन एका वर्षात दुप्पट दुष्ट झालं नव्हतं. होतं ते कागदावर येऊ लागलं होतं.

त्या वाटेवर ब्रिटननेही ठेचा खाल्ल्या आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. गुन्हा नसलेलं नुसतं बोलणंही पोलिस नोंदवत सुटले, तेव्हा 2021 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने त्या मार्गदर्शक सूचना अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक ठरवल्या. मला तो निकाल योग्य वाटतो. नोंद गुन्ह्याची करावी, मताची नव्हे. दुसरं, 2023 मध्ये बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने लंडन पोलिसांना पुन्हा संस्थात्मक वंशवादी म्हटलं, म्हणजे 24 वर्षांनंतरही रोग गेलेला नव्हता. आयुक्त मार्क राउली यांनी निष्कर्ष स्वीकारले, पण तो शब्द वापरायला नकार दिला. तरीही काही पक्क्या गोष्टी हाती लागल्या. 2000 च्या दुरुस्तीने पोलिसांचं कामकाज वंशभेदविरोधी कायद्याखाली आलं. एकदा सुटलेल्यावर पुन्हा खटला चालवता येत नाही, हा जुना नियम मॅकफर्सन यांच्या शिफारशीनंतर गंभीर गुन्ह्यांपुरता सैल झाला, आणि जानेवारी 2012 मध्ये, 18 वर्षांनी, स्टीफनच्या दोन मारेकऱ्यांना शिक्षा झाली.

निदोच्या मृत्यूनंतर आपल्याकडेही समिती नेमली गेली. फेब्रुवारी 2014 मध्ये केंद्रीय गृहखात्याने निवृत्त सनदी अधिकारी एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली आणि जुलैमध्ये अहवालही आला. सरकारी समितीच्या मानाने हा वेग मानायला हवा. अहवालही पोटतिडकीने लिहिलेला आहे. भारतीय दंडसंहितेत 153 क आणि 509 अ ही नवी कलमं घालावीत, वंशवाचक अपमान आणि हल्ले हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरवावा, पोलिसांना प्रशिक्षण द्यावं, ईशान्येचा इतिहास शाळेत शिकवावा, हेल्पलाइन असावी. दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या लोकांसाठी विशेष पथक आणि 1093 हा नंबर सुरू केला, आणि त्याचा अनेकांना खरोखर उपयोग झाला. पण समितीला काम काय दिलं होतं, ते बघा: देशाच्या इतर भागांत राहणाऱ्या ईशान्येच्या लोकांच्या अडचणी समजून घेणं. म्हणजे अभ्यास झाला तो मार खाणाऱ्यांचा. लाजपतनगरचा तो समझोता कुणी घडवला, कोणत्या नियमाने घडवला, हे शपथेवर विचारण्याचा अधिकार तिला नव्हता. ती चौकशी आयोग कायद्याखालची नव्हतीच.

अधिकार असलेल्या आयोगाचं आपण काय करतो, हेही मराठी वाचकाला ठाऊक आहे. मॅकफर्सन अहवालाच्या एक वर्ष आधी, 1998 मध्ये, मुंबईच्या दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल विधिमंडळात आला. विषय धार्मिक दंगलीचा, पण पोलिसांच्या वागण्यात पूर्वग्रह मुरलेला आहे हे त्या अहवालानेही स्पष्ट लिहिलं होतं. सरकारने तो अहवालच पक्षपाती ठरवून बाजूला सारला.

बेझबरुआ समितीची कलमं आजवर आलेली नाहीत. डिसेंबर 2016 मध्ये कर्मा दोरजी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येच्या लोकांवरच्या हल्ल्यांवर देखरेख ठेवणारी समिती नेमायला सांगितलं. पुढे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. दंडसंहिता अख्खी नव्याने लिहिली जात होती, याहून चांगली संधी कोणती? नव्या संहितेच्या 103(2) कलमात ‘वंश’ हा शब्द आला आहे खरा: वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांच्या गटाने खून केला तर जन्मठेप किंवा फाशी. 117(4) मध्ये गंभीर दुखापतीसाठी अशीच तरतूद आहे, शिक्षा मात्र कमी. पाच किंवा अधिक! चौघांनी मारलं, तर वंशाचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने उरत नाही. माझ्या ओळखीच्या त्या मुलाला मारणारे तर तिघंच होते. आणि घर नाकारणं, थुंकणं, रोज रस्त्यात चिंकी म्हणणं, यासाठी काहीच नाही. करोनाच्या दिवसांत, 2020 मध्ये, ईशान्येच्या लोकांना ‘करोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. दिल्लीत आणि मुंबईत सांताक्रुझला मणिपूरच्या तरुणींवर थुंकण्याचे प्रकार झाले. केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं. पत्राने एनसीची एफआयआर होत नाही.

द्वेषाच्या गुन्ह्याचा तपास कसा करावा हे आपल्याला कळत नाही, असं मात्र मुळीच नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, ज्याला आपण अ‍ॅट्रॉसिटी म्हणतो, ही अक्कल शिगोशीग भरलेली आहे. तपास डीवायएसपीपेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला कलम 4 खाली शिक्षा आहे. आणि खैरलांजीसारख्या प्रकरणांत जिथे घोडं अडत होतं तिथे संसदेने 2015 मध्ये दुरुस्ती केली. कलम 3(2)(v) मध्ये पूर्वी ‘ती व्यक्ती दलित-आदिवासी आहे या कारणावरून’ गुन्हा केला, हे सिद्ध करावं लागे. आता ‘ती व्यक्ती दलित-आदिवासी आहे हे माहीत असताना’ केला, एवढं पुरे. हेतूच्या अंधाऱ्या विहिरीतून कायदा वर आला, जाणिवेच्या जमिनीवर उभा राहिला. 26 जानेवारी 2016 पासून ही दुरुस्ती लागू आहे. लाजपतनगरात, नोएडात, पुण्यात समोरचा माणूस कोण आहे हे मारणाऱ्यांना माहीत होतं का, हा प्रश्न कोर्टाला सहज सोडवता येईल. त्यांनी तोंडाने सांगितलंच होतं.

ईशान्येचे पुष्कळ लोक अनुसूचित जमातींत मोडतात, पण मणिपूरचे मैतेई मोडत नाहीत, बहुसंख्य असमिया मोडत नाहीत. पुण्यात शिकणारा सुदानचा विद्यार्थी तर कुठल्याच यादीत नाही. म्हणून वेगळी तरतूद लागते.

असं काही केलं की देशाची बदनामी होते, हा आक्षेप मला सर्वांत जास्त खुपतो. 1946 मध्ये, अजून स्वतंत्रही झालेलो नसताना, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आपण संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित यांनी तो तिथे लढवला. ‘हा आमचा अंतर्गत मामला आहे’ असं तेव्हा दक्षिण आफ्रिका म्हणत होती. वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय करारावर 1968 मध्ये आपण शिक्कामोर्तब केलं. त्या कराराच्या समितीपुढे भारताचा आढावा झाला तो 2007 मध्ये. त्यानंतरचे अहवाल वर्षानुवर्षं थकले. दुसऱ्याच्या देशातल्या वंशभेदाची चौकशी मागण्यात पुढे असलेल्या देशाने स्वतःच्या चौकशीचा कागद इतकी वर्षं टेबलावर न ठेवणं, यात बदनामी नाही का?

ही सगळी दिल्लीची गोष्ट आहे असं समजून आपण सुटू शकत नाही. ऑगस्ट 2012 मध्ये आसामातल्या कोक्राझारच्या हिंसाचारानंतर पुण्यात ईशान्येच्या मुलांना मारहाणी झाल्या, अफवांचे एसएमएस फिरले, आणि बंगळुरूबरोबर पुण्याच्या स्टेशनवरूनही गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून निघाल्या. केंद्राने एकगठ्ठा एसएमएसवर बंधन घातलं. अफवेचा बंदोबस्त झाला. पण ज्या शहराने विद्येचं माहेरघर म्हणवून घेतलं, त्या शहरातल्या मुलांनी एका एसएमएसवर विश्वास ठेवून बॅगा का भरल्या? पोलिस आपल्या बाजूने उभे राहतील असा त्यांना भरवसा का वाटला नाही? याची चौकशी कुठे झाली? 2013 मध्ये गोव्यात पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली. त्यांनी नंतर माफी मागितली. दिवसच्या दिवस चर्चा झाली ती बेकायदा राहणाऱ्यांना हाकलून कसं द्यायचं याची. मेलेल्या माणसाची बाजू त्या चर्चेत शोधावी लागत होती. अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्यावर खटला भरावा, व्हिसा संपलेल्याला कायद्याने परत पाठवावं, याला कुणाचाच विरोध नाही. एका माणसाचा गुन्हा कातडीच्या रंगावरून सगळ्यांच्या नावे टाकणं, हा मुद्दा आहे.

केंद्राने कायदा करायला हवा, आणि लाजपतनगरसारख्या प्रकरणांत पोलिसांना समोर बसवून शपथेवर विचारू शकेल असा आयोग नेमायला हवा. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या वार्षिक अहवालात स्त्रिया, मुलं, ज्येष्ठ नागरिक, दलित, आदिवासी, अगदी परदेशी नागरिक यांच्यावरच्या गुन्ह्यांची प्रकरणं आहेत, तसं वंशद्वेषी गुन्ह्यांचं हवं. पण पोलिस हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे महाराष्ट्राला दिल्लीकडे डोळे लावून बसायची गरज नाही. फिर्यादीने सांगितलेली वंशवाचक शिवी जशीच्या तशी लिहून घ्यावी, फिर्यादीला वंशद्वेषाचा संशय असेल तर स्टेशन डायरीत तसा शेरा मारावा, असे गुन्हे एनसीवर न ठेवता वरिष्ठ निरीक्षकाने स्वतः पाहावेत, आणि दर सहा महिन्यांनी शहरवार आकडे जाहीर करावेत, एवढ्यासाठी पोलिस महासंचालकांचं एक परिपत्रक पुरतं. विधानसभेची मंजुरी लागत नाही, पैसा लागत नाही. पुण्यात आणि मुंबईत ते आधी लागू करता येईल. पहिल्या वर्षी आकडे वाढतील आणि मथळे वाईट येतील. गृहमंत्र्यांना विरोधक धारेवर धरतील. त्या वेळी आकडे मागे न घेता ‘हो, हे आमच्याकडे घडतं’ असं सभागृहात सांगणारा गृहमंत्री आपल्याला हवा आहे.